यादीतून गाळलेलं नाव

डिसेंबर उजाडला की वाशीच्या बाजारात हिरव्या लसणाच्या जुड्या दिसू लागतात. पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात, तुरीच्या शेंगा येतात, आणि संध्याकाळी खाडीवरून खारट, बोचरा वारा सुटतो. इथले लोक त्याला थंडी म्हणायला तयार नसतात. मी मात्र कपाटातून शाल काढते. मुलगी हसते. "आई, पंखा चालू आहे आणि तू शाल घेऊन बसलीयस!" तिला काय सांगू? मला थंडी वाजत नसते, एक जुना हिवाळा आठवत असतो. त्या हिवाळ्यात मी सत्तावीस वर्षांची होते आणि माझ्या हातून एक लहानशी, पण लाज वाटावी अशी गोष्ट झाली होती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमची इमारत नवीकोरी होती. चार मजले, सोळा घरं, जिन्याला अजून चुन्याचा वास. समोर मोकळा प्लॉट, त्याच्या पलीकडे तिवरांची रांग आणि मग खाडी. रेल्वे यायला अजून बरीच वर्षं होती. सकाळी पुरुष माणसं बस पकडून मुंबईला नाहीतर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत निघून जायची, आणि मागे उरायचा एक लांबच लांब दिवस. दिवेलागणीला तिवरांतून कोल्हे ओरडायचे. कराडसारख्या भरल्या गावातून आलेली मी, पहिल्यांदा ते ओरडणं ऐकलं तेव्हा भीतीनं नाही, एकटेपणानं रडले होते.

आमच्या इमारतीत कुणीच इथलं नव्हतं. इथले लोक होते ते वाशीगावात, जुहूगावात. भाजी घेऊन येणारी धाकलीबाय त्यांच्यातली. "तुमचा जिना हाय ना, थय आमचा भात व्हायचा," असं तिनं मला एकदा शेंगा मोजता मोजता सांगितलं होतं. रागानं नाही, सहज. मी त्या दिवशी जिना चढताना उगाचच पायांखाली पाहत होते.

तळमजल्यावर मुक्ताबेन राहायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडीतल्या गुजराती बाई. त्यांचं घर दूर आफ्रिकेत, युगांडातल्या मसाका नावाच्या गावात होतं. दुकान होतं, अंगण होतं, अंगणात आंब्याचं झाड. बहात्तर साली तिथल्या सत्ताधाऱ्यानं सगळ्या हिंदी लोकांना देश सोडायला लावला, तेव्हा नवऱ्याबरोबर दोन बॅगा घेऊन त्या निघाल्या. राजकोटला दिराकडे काही वर्षं काढली आणि मग या नव्या शहरात आल्या. पन्नाशीच्या त्या बाईला तिसऱ्यांदा नवं घर मांडावं लागलं होतं.

त्यांची माझी ओळख वासानं झाली. एका दुपारी जिन्यात केळीचं पान वाफवल्याचा वास दरवळत होता. मला वाटलं, कुणीतरी पानगी करतंय. दार उघडंच होतं. आत मुक्ताबेन हाताला तेल चोळून हिरवीगार कच्ची केळी सोलत होत्या.

"चीक लागला तर आठ दिवस हात काळा राहतो," त्या म्हणाल्या. "तेल लाव आणि बस."

सोललेली केळी केळीच्या पानांत गुंडाळून त्यांनी वाफेवर ठेवली. तासाभरानं पुडकं न सोडता वरूनच हातांनी दाबून दाबून ती मऊ केली, आणि वर शेंगदाण्याचा दाट, फिकट गुलाबी रस्सा ओतला. याला तिकडे मटोके म्हणतात. पहिला घास मला अगदी सपक लागला. दुसऱ्या घासाला शेंगदाण्याची चव आली. तिसऱ्याला मी न विचारताच पुढं वाटी केली.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"नाकातोनं," त्या म्हणाल्या आणि उठून भांडी आवरायला लागल्या.

शनिवारची कल्पना मुक्ताबेनचीच. "आपण सगळ्या दुपारी काय करतो? झोपतो आणि रडतो. त्यापेक्षा एकेकीनं शिकवावं. आपापल्या घरात, आपापलं. हॉटेलातलं नाही, पुस्तकातलं नाही. तुझी आई करते ते."

पहिला शनिवार त्यांचाच झाला. केळीची पानं आणायला मी धाकलीबायला सांगितलं तर ती डोळे विस्फारून म्हणाली, "एवरी पानां? कोनाचा लगीन हाय गो?" त्या दुपारी मुक्ताबेनच्या हॉलमध्ये अकराजणी दाटीवाटीनं बसल्या होत्या. दुसऱ्या शनिवारी दुसऱ्या मजल्यावरच्या अन्नम्मानं पुट्टू शिकवला. ती इस्पितळात नर्स होती, रात्रपाळी करून आली होती, तरी बांबूच्या नळीत तांदळाचं पीठ आणि खोबरं थरांवर थर भरताना तिचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, ही आत्ता इथं नाहीच, कोट्टायमला आईच्या स्वयंपाकघरात आहे. त्या हिवाळ्यात मला एक गोष्ट कळली. बाई आपल्या आईचा पदार्थ करायला लागली की तिचा आवाज बदलतो. "आमच्याकडे असं नाही करत," हे ती जरा ताठ होऊन म्हणते. नवऱ्याच्या पगारावर नव्या शहरात आलेल्या आम्ही, त्या ताठ मानेसाठीच शनिवारची वाट बघायचो.

या सगळ्यांत प्रयाग होती. समोरच्या इमारतीतली, माझ्याच वयाची, परभणीकडची. नवरा टेलिफोन खात्यात कारकून. घरी मशीनवर ब्लाऊज शिवायची. ती दर वेळी यायची आणि दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायची. "आत सरक ना," म्हटलं तर "इथं वारा येतोय," म्हणायची. पण प्रश्न तिचेच सगळ्यांत चोख असायचे. पीठ किती ओलं? मुठीत धरल्यावर गोळा राहायला हवा का सुटायला? ताटली हातात दिल्याशिवाय ती खायची नाही, आणि खाल्ल्यावर ती ताटली स्वतः विसळून ठेवायची. हे मी पाहिलं होतं. का, ते मला माहीत होतं. तिच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि तिचं आडनाव ऐकलं की इमारतीतल्या काही बायकांच्या बोलण्यात बारीकसा खंड पडायचा.

पुढच्या शनिवारांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या कॅलेंडरच्या पानामागं मी नावं लिहिली. दहा नावं झाली. अकरावं लिहायला पेन टेकवलं आणि उचललं.

त्या क्षणाचं मी नंतर खूप समर्थन केलं. तिच्या घरी कुणी गेलंच नाही तर तिलाच वाईट वाटेल. कशाला तिला तोंडघशी पाडा? शिवाय माझ्या घरी सासूबाई होत्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. माण तालुक्यातल्या, कडक. प्रयागकडे खाल्लेलं त्यांना चालणार नव्हतं. अशी एकेक कारणं जमवत मी पान घडी करून मुक्ताबेनना नेऊन दिलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. परत वरपासून वाचलं.

"यात प्रयाग किधर आहे?"

"ती... तिला शिवणाचं काम असतं ना."

"तिने सांगितलं असं?"

जिन्यात उभ्या होतो आम्ही. मुक्ताबेन खालच्या पायरीवर बसल्या, मलाही हाताला धरून बसवलं.

"नाकातो माझ्या घरी काम करायची," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षं. माझ्या दोन मुलांना तिनं मोठं केलं. तिचा मटोके मागच्या अंगणात शिजायचा, कारण माझ्या सासूला तिचं भांडं रसोड्यात नको होतं. मी मागे जाऊन शिकले, तिथेच खाल्लं, पण उभं राहून. ती बसलेली आणि मी उभी. टेबलावर ये, असं चौदा वर्षांत एकदा पण म्हटलं नाही मी तिला. आम्ही निघालो त्या दिवशी ती पहाटे आली, पानात गुंडाळलेला गरम मटोके घेऊन. रस्त्यात खा म्हणाली. मी घेतला आणि गाडीत बसले. आता ती कुठे आहे, जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही. मी म्हणेन ये, बस, तर कुणाला म्हणू?"

त्यांनी पान माझ्या हातात ठेवलं. "तुझी प्रयाग तर समोर राहते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयागच्या घरी गेले. दीड वर्षात पहिल्यांदा. ती मशीनवर होती. खिडकीतून ऊन येत होतं, आणि भिंतीवरची तसबीर, त्याखाली फ्रेममध्ये लावलेलं तिचं सातवीचं प्रमाणपत्र, सगळं लख्ख पुसलेलं होतं.

"प्रयाग, शनिवारच्या यादीत तुझं नाव राहून गेलं होतं. ते सांगायला आले."

मशीन चालूच राहिलं. "राहून गेलं का घातलंच नव्हतं?"

एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"घातलं नव्हतं," मी म्हणाले.

मशीन थांबलं. "कामून?"

"वाटलं, कुणी आलं नाही तर तुला वाईट वाटेल."

"दुसरं कुनी येनार न्हाई का तुमी येनार न्हाई?"

"आमच्या घरी सासूबाई आहेत..."

"त्यांच्यावर ढकलू नका, सुलभाताई."

मी मान खाली घातली. ती उठली, मला पाणी आणून दिलं आणि मी ते पिईपर्यंत समोर उभी राहिली. मग खाली बसली आणि दोऱ्याचं रीळ हातात फिरवत बोलायला लागली.

"शाळंत एकदा बाईंनी सगळ्या पोरींना डबे आनायला सांगितले. गोल करून बसवलं. सगळ्यांनी एकमेकींचं खाल्लं. माझा डबा तसाच राह्यला. घरी गेल्यावर आईनं झाकन काडून बगितलं. म्हनली, कुनालाच आवडलं न्हाई का गं? मी म्हनले, मीच दिला न्हाई कुनाला. माझ्यासाठीच ठेवला. आन् मंग तिच्यासमोर बसून सगळा खाल्ला, पोट दुखंपर्यंत."

खाली रस्त्यावरून बस गेली.

"मी शिकवीन," ती म्हणाली. "पन पुरनपोळी न्हाई करनार. आमच्या घरी रोज व्हायचं तेच करीन. अंबाडीची भाजी, जवारीच्या कन्या घालून, आन् भाकरी. आन् ज्या येतील त्यांनी इथंच बसून खायाचं. डब्यात भरून न्यायचं आन् जिन्यात ओतून द्यायचं, असं न्हाई चालनार."

मी खाली आले ती थेट घरी गेले, दुसरं पान घेऊन नव्यानं यादी केली आणि पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं. मग पान घेऊन घरोघर फिरले. "इथंच बसून खायचं," ही अटही सांगितली. कुणी "बघू" म्हणालं, कुणाला नेमके त्याच शनिवारी पाहुणे येणार होते. आत्यांना घरी सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जायचं तर जा. खाऊन येऊ नगंस."

त्या शनिवारी प्रयागनं सकाळपासून घर दोनदा पुसलं होतं. हे मला तिनं नंतर सांगितलं. दहाजणींसाठी चटया अंथरल्या होत्या. तीन वाजता मी आणि मुक्ताबेन होतो. सव्वातीनला अन्नम्मा आली, केस ओले, रात्रपाळीची झोप डोळ्यांत. साडेतीन वाजले. प्रयाग अंबाडीची पानं खुडत बसली होती. एक एक पान देठापासून वेगळं करत होती, अगदी हळू. पानं संपली असती तर तिला सुरुवात करावी लागली असती, आणि चौथी कुणी येणार नाही हे मान्य करावं लागलं असतं. मला हे बघवत नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या निर्मलावहिनी होत्या. आल्या, पण उंबऱ्यावरच थांबून म्हणाल्या, "माझा शनिवार असतो हं. मी काही खाणार नाही."

मुक्ताबेननी माझ्याकडे पाहिलं. प्रयाग मात्र शांतपणे म्हणाली, "उपास हाय तर बगायला बसा. बगितल्यानं मोडत न्हाई."

आणि तिनं सुरुवात केली. पानं उकळून त्यांचं आंबट पाणी पिळून काढलं. ज्वारीच्या कण्या चक्कीवाल्याला चारदा बजावून भरडून आणल्या होत्या. त्या आणि तुरीची डाळ वेगळी शिजवली. मग सगळं एकत्र करून ती रवीनं घोटायला लागली आणि तिचा आवाज बदलला. "आमच्याकडं अशी पातळ न्हाई ठेवत. भाकरीवर वाढली की जाग्यावर बसली पायजे." शेवटी लसणाची, लाल मिरचीची फोडणी. इतका लसूण आणि इतकं तेल की अन्नम्माला शिंका आल्या आणि सगळ्या हसल्या. परातीत भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा ठेका ऐकू येत होता. मी करून पाहिली, माझी भाकरी फाटली. मुक्ताबेनची तर परातीतून उचललीच गेली नाही. "पोले पोले," त्या स्वतःलाच म्हणाल्या. हळू हळू, असं तिकडच्या भाषेत म्हणतात. प्रयागनं ते लगेच उचललं आणि भाकरी तव्यावर टाकताना "पोले पोले" म्हणाली, तशा आम्ही पोट धरून हसलो.

आम्ही जेवलो. आंबट, तिखट, लसणाचा जाळ, आणि त्याखाली कण्यांचा मऊ, गोडसर आधार. निर्मलावहिनी शेवटपर्यंत बसून राहिल्या. निघताना त्यांनी स्वतःहून पाणी मागितलं. प्रयागनं पेला दिला, त्यांनी तो तोंडाला लावला आणि सावकाश पूर्ण प्यायला. बाकी काही बोलल्या नाहीत. पुढं त्या कधी जेवल्या, कधी नाही. माणसं एका दुपारीत बदलत नाहीत. उरलेल्या सहाजणींपैकी तिघी पुढच्या महिन्यात यायला लागल्या, तिघी कधीच आल्या नाहीत.

मुक्ताबेन वर्षभरानं मुलाकडे इंग्लंडला गेल्या आणि तिथल्या बायकांना जमवून शिकवायला लागल्या, असं त्यांचं पत्र आलं. प्रयाग पुढं वीस वर्षं शिकवत राहिली. आधी तिच्या हॉलमध्ये, मग महिला मंडळाच्या खोलीत, मग ऐरोलीच्या नव्या कंपन्यांत काम करणाऱ्या मुलींना सुटीच्या दिवशी. माझ्या मुलीला भाकरी तिनंच शिकवली. तिच्या दारात चपलांची रांग लागलेली मी अनेकदा पाहिली आहे. पण त्या हिवाळ्याचं नाव घेतलं की मला आठवतो तो आमच्या घरातला सोमवार.

त्या शनिवारी मी घरी आले तेव्हा आत्यांनी विचारलं होतं, "खाल्लंस?" मी "खाल्लं" म्हणाले. त्या रात्री आणि रविवारी दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वतःचं स्वतः करून जेवल्या. हे सोपं नव्हतं. नवरा पेपराआड गेला होता, मीही माघार घेतली नाही. सोमवारी दुपारी त्या खिडकीशी बसल्या होत्या, आणि एकाएकी म्हणाल्या,

"कण्या कशात भरडल्या तिनं?"

"चक्कीवर."

"जाड ऱ्हायल्या आसतील." मग म्हणाल्या, "मी सात-आठ वर्साची हुते. माणात दुष्काळ पडलेला. दोन्ही वक्ताला कण्याच. पाण्यात शिजवायच्या आन् मीठ टाकायचं. पुढं बरं दिस आलं, तसं आईनं त्या परत कधी चुलीवर चढवल्याच न्हाईत. आम्ही खायाचो हे सांगायचीबी लाज वाटायची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "येत्यात का तुला?"

प्रयागनं उरलेल्या कण्या मला पुडीत दिल्या होत्या. मी केल्या. गुठळ्या झाल्या. आत्यांनी एक घास घेतला आणि वाटी सारली.

"जिला येत्यात तिला बोलाव."

"इथं?"

"मग काय तिनं तितनं फुकून शिजवायच्या?"

प्रयाग आली ती शिवणाची सुई पदराला टोचलेली, तशीच. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. आत्या आत ओट्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी बोलता बोलता हातानं तिला आत ओढलं आणि पातेलं पुढं केलं. दोघींचं लगेच वाजलं. आत्या म्हणायच्या मीठ आधी, प्रयाग म्हणायची शेवटी. आत्यांना पातळ हव्या होत्या, प्रयागला घट्ट. मी मधे बोलायला गेले तर दोघींनी मला गप्प केलं. अखेर पातेल्यात काहीतरी मधलंच झालं, ना माणचं ना परभणीचं.

मी दोन ताटं घेतली. प्रयागनं हात पुसले आणि ती दाराकडे वळली. "येते मी, शिवन पडलंय."

आत्यांनी भिंतीशी टेकवलेला पाट काढला, स्वतःच्या पाटाला लागून मांडला.

"बस," त्या म्हणाल्या.

प्रयागनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बसली. आत्यांनी घास घेतला, डोळे मिटले, गिळला. मग ताट माझ्याकडे नाही, तिच्याकडे केलं.

"आनकी वाढ गं, प्रयाग."

ती वाढत असताना त्यांनी आपल्या आईचं नाव सांगितलं. लग्नाला आठ वर्षं होऊनही मला ते माहीत नव्हतं. प्रयागनं आपल्या आईचं सांगितलं. ताटातलं गार होत होतं, दोघींचं लक्षच नव्हतं. मी तिसरं ताट घेतलं आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसले.